पाणी मुरते कुठे?

ज्यांचे बालपण १९८० च्या दशकात गेले, त्यांना घरावरचा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा नक्की आठवत असेल. माशाच्या काट्यासारखा दिसणारा, लोखंडी पाइपाच्या टोकाला बसवलेला, कावळ्यांची हक्काची जागा असलेला. जपानमध्ये उदा आणि यागी या दोघांनी १९२६ मध्ये मांडलेली ही रचना आपल्याकडे दूरदर्शनबरोबर घरोघरी पोहोचली. ऐन सिनेमाच्या वेळी पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या, की एकाने वर चढायचे, दुसऱ्याने खिडकीत उभे राहायचे आणि तिसऱ्याने टीव्हीसमोर बसायचे. "आलं का?" "नाही!" "आता?" "हां, आलं, आलं! तिथंच सोड!"

पाइप फिरवला आणि चित्र आले, म्हणजे दिशाच चुकली होती, असे आपण धरून चालत होतो. वाऱ्याने पाइप फिरला असेल तर ते खरेही असे. पण कितीदा तरी सांगाडा जिथल्या तिथेच असे. त्याला हात लागला, तो थरथरला, आणि केबलची तार जिथे स्क्रूखाली आवळलेली होती तिथे धातूवर धातू घासला गेला. दोन धातूंच्या मध्ये धरलेली एक न दिसणारी साय खरवडली गेली आणि चित्र परत आले. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा मुंग्या, पुन्हा कोणीतरी वर. श्रेय मात्र दिशेला मिळत राहिले.

प्रस्तुत लेखाचा विषय ती साय आहे. उघड्यावर उभ्या असलेल्या अँटेनाचे ऊन, पाऊस आणि खारा वारा नेमके काय करतात, हे पाहू लागलो की एक गोष्ट ध्यानात येते. जे डोळ्यांना भयंकर दिसते ते बहुधा निरुपद्रवी असते आणि जे घातक असते ते दिसत नाही. 'पाणी कुठंतरी मुरतंय' असे आपण संशयाने म्हणतो. अँटेनाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे असते, आणि मुरण्याची जागाही बहुतेक वेळा ठरलेली असते. ती जागा म्हणजे सांधा.

धातूची परतीची वाट

खाणीतून लोखंड हे लोखंड म्हणून निघत नाही. ते ऑक्सिजनशी बांधलेल्या दगडाच्या रूपात निघते. भट्टीत प्रचंड ऊर्जा ओतून आपण तो ऑक्सिजन सोडवतो आणि धातू मिळवतो. गंज म्हणजे धातूने पुन्हा आपल्या मूळ स्थितीकडे जाणे. ॲल्युमिनियम, जस्त, तांबे या सगळ्यांची ओढ कमीअधिक प्रमाणात तिकडेच असते.

या परतीच्या प्रवासाला तीन गोष्टी लागतात. धातूवर दोन जागा अशा हव्यात, की त्यांतली एक इलेक्ट्रॉन सहज सोडेल आणि दुसऱ्या जागी ते खर्ची पडतील. या दोन जागा धातूने एकमेकींशी जोडलेल्या हव्यात. आणि दोघींवर मिळून वीज वाहू देणारा पाण्याचा थर हवा. थोडक्यात, ही एक चिमुकली बॅटरी असते आणि तिच्यात धातू खर्च होत असतो. पाणी शुद्ध असेल तर हे काम रेंगाळत चालते. त्यात मीठ मिसळले की पाणी वीज चांगली वाहू लागते, शिवाय मिठातला क्लोराइड धातूवरचे नैसर्गिक संरक्षक थर फोडतो.

कोकणात पाऊस नसतानाही लोखंड का सडते, याचे उत्तर इथे आहे. वाऱ्याबरोबर आलेले समुद्राचे मीठ धातूवर बसते. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळते. समुद्राच्या मिठात असलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागते. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या दिवशीही किनाऱ्यावरच्या पाइपावर खारट पाण्याची पातळ चादर पसरलेली असू शकते. उलट धो धो पाऊस हे मीठ धुऊन नेतो. म्हणून पावसात न्हाणारी बाजू पुष्कळदा धड राहते, आणि आडोशाची बाजू, म्हणजे क्लॅम्पच्या खालचा किंवा पत्र्याच्या पोटाकडचा भाग, आधी कुजतो.

या फरकाचा हिशेबही मांडता येतो. आयएसओ ९२२३ हे आंतरराष्ट्रीय मानक हवेची संहारक शक्ती सी-१ पासून सी-५ पर्यंत आणि त्याही पलीकडे सीएक्स अशा पायऱ्यांत मोजते. मध्यम समजल्या जाणाऱ्या सी-३ हवेत जस्ताचा थर पहिल्या वर्षात ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतो. सी-५ हवेत, म्हणजे खाऱ्या आणि दमट किनाऱ्यावर, हाच आकडा ४.२ ते ८.४ मायक्रॉन होतो. जाड पोलादी भागांवर वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला मुलामा साधारण ८५ मायक्रॉनचा असतो. दोन्हीकडची कमाल झीज धरून ढोबळ भागाकार केला, तर एका ठिकाणी जो खांब ४० वर्षे उभा राहील, त्याच खांबाचे जस्त दुसरीकडे १० वर्षांत संपेल. खांब तोच, कारखाना तोच. पत्ता तेवढा बदलला.

कातडीतला प्रवाह

आता रेडिओकडे वळू. घरातली वीज तारेच्या संपूर्ण जाडीतून वाहते. रेडिओ लहरींनी धातूत निर्माण होणारा प्रवाह तसा वाहत नाही. तो सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलत असतो, आणि वारंवारता जितकी जास्त तितका तो धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. जुन्या दूरदर्शनच्या ६० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात ॲल्युमिनियममधला प्रवाह प्रामुख्याने वरच्या सुमारे १० मायक्रॉनच्या थरात असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरात असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा थर किती पातळ आहे याची कल्पना येईल. अँटेनाची नळी आतून पोकळ असते ती याचमुळे. आतल्या धातूला विशेष काम नसते.

प्रवाह जर कातडीतच वाहत असेल, तर कातडी काळवंडली की अँटेना निकामी व्हायला हवा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. ॲल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर सुरुवातीला मायक्रॉनच्या काही हजाराव्या भागांइतकाच असतो. शिवाय तो वीज वाहत नाही. रेडिओ लहरींच्या दृष्टीने तो काचेसारखा पारदर्शक असतो. प्रवाह त्याच्याखालच्या स्वच्छ धातूतून पूर्वीसारखाच वाहत राहतो. दहा-पंधरा पावसाळे झेललेली करडी, खरखरीत झालेली ॲल्युमिनियमची नळी ऐकण्याच्या कामात नव्या चकचकीत नळीपेक्षा फारशी मागे नसते. तिच्यावरचा तो कळकट थर तिचे चिलखत असतो.

पोलादाचे मात्र असे नाही. त्याचा गंज सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि पापुद्रे होऊन सुटतो, म्हणजे आतला ताजा धातू पुन्हा उघडा पडतो. शिवाय लोखंड चुंबकीय असल्याने त्यात रेडिओ प्रवाहाला मिळणारा थर आणखी पातळ होतो आणि उष्णतेच्या रूपात जास्त ऊर्जा वाया जाते. जस्त चढवलेल्या पोलादी अँटेनात प्रवाह वाहून नेण्याचे काम जस्तच करत असते. ते झिजले की खांबाची ताकद आणि अँटेनाची कार्यक्षमता, दोन्ही एकदमच घसरू लागतात.

दोन धातू भेटतात तिथे

खरी कथा सुरू होते ती एक तुकडा दुसऱ्याला जोडला जातो तिथून. नळीवर निरुपद्रवी असलेली ऑक्साइडची साय सांध्यात आली की तिची भूमिका उलटते. आता प्रवाहाला तिच्याखालून जाता येत नाही, तिच्यातून जावे लागते. आणि ती तर वीज अडवणारी.

वीज जास्त दाबाची असती तर तिने ही साय सहज भेदली असती. पण अँटेनात उतरणारा संकेत व्होल्टच्या लाखाव्या, कधी कोटीव्या भागाइतका असतो. साय भेदण्याची ताकद त्याच्यात नसते. म्हणूनच गच्चीवरचा तो हाताचा धक्का उपयोगी पडत असे. विजेला जे जमत नव्हते ते घासण्याने होत होते.

दोन धातू वेगवेगळे असतील तर प्रकरण आणखी वाढते. ॲल्युमिनियमच्या नळीला तांब्याची तार स्क्रूने आवळली आणि त्यावर खारट दव पडले, की ती चिमुकली बॅटरी पूर्ण होते. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडत जाते, पांढरी भुकटी होत जाते, आणि तांबे सुरक्षित राहते. इमारतींच्या जगातले याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे न्यू यॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. त्याच्या तांब्याच्या पत्र्याआड लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा होता. दोहोंमध्ये घातलेला विलग करणारा थर काळाच्या ओघात निकामी झाला आणि लोखंड गंजून फुगू लागले. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. तांब्याची हिरवी कातडी मात्र शाबूत होती. तिथेही रोग सांध्यातच होता.

या खेळाचा एक नियम कारागिरांना अनुभवाने माहीत असतो. झिजणारा धातू मोठा आणि टिकणारा छोटा असेल, तर झीज मोठ्या पृष्ठावर विभागली जाते. मोठ्या ॲल्युमिनियमच्या नळीला स्टेनलेसचा बारीक बोल्ट बराच काळ चालतो. याच्या उलट, स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीत ॲल्युमिनियमचा छोटा रिव्हेट ठोकला, तर सगळा भार त्या बिचाऱ्यावर येतो आणि तो पाहता पाहता विरतो.

केबलच्या पोटात

अँटेनापासून संचापर्यंत संकेत आणणारी केबल म्हणजे मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती प्लास्टिकचा किंवा फेसासारखा विद्युतरोधक, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर आवरण. या आवरणाचा पहिला शत्रू ऊन. काळे आवरण त्यातल्या काजळीमुळे सूर्याचे अतिनील किरण बऱ्यापैकी सोसते. पांढरे, घराच्या आत वापरायचे आवरण गच्चीवर लावले तर काही वर्षांत कडक होऊन तडकते. पण आवरण धड असले तरी केबलची दोन टोके उघडी असतात, आणि पाणी तिथूनच आत जाते.

ते नुसते वाहत जात नाही. विणलेल्या जाळीतल्या बारीक फटी दिव्याच्या वातीसारखे काम करतात. वात तेल वर चढवते तसे केशाकर्षणाने पाणी केबलमध्ये कित्येक फूट पसरते. त्यात दिवसरात्रीचे श्वसन असते. दुपारच्या उन्हात कनेक्टरमधली हवा प्रसरण पावून बाहेर पडते आणि संध्याकाळी सरीने तो थंड झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. वरवर घट्ट दिसणारा सांधाही अशा रीतीने रोज थोडे थोडे पाणी पितो.

आत गेलेले पाणी दोन प्रकारे नुकसान करते. प्लास्टिकच्या विद्युतरोधकाचा परावैद्युत स्थिरांक सव्वादोनच्या आसपास असतो, पाण्याचा ८० च्या घरात. केबलचे सगळे मोजमाप पहिल्या आकड्यावर बेतलेले असते. पाणी शिरले की ते मोडते, आणि संकेताचा काही भाग आल्या वाटेने परत फिरतो, काही उष्णता होऊन जिरतो. दुसरे नुकसान कायमचे. जाळीच्या बारीक तारा काळ्या पडतात, प्रत्येक तारेवर साय धरते, आणि एका तारेवरून दुसरीवर जाणारा प्रवाह त्या शेकडो सूक्ष्म सांध्यांत अडखळतो. केबल नंतर वाळली तरी जाळी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

गंजाचा रेडिओ

गंजलेल्या सांध्याचा आणखी एक गुण आहे, आणि तो रेडिओच्या इतिहासाशी जोडलेला आहे. धातू आणि त्याचा ऑक्साइड किंवा सल्फाइड यांचा स्पर्श काही वेळा प्रवाहाला एका दिशेने सहज जाऊ देतो आणि दुसऱ्या दिशेने अडवतो. जगदीशचंद्र बोस यांनी शिशाच्या सल्फाइडचा, म्हणजे गॅलेनाच्या स्फटिकाचा, लहरी पकडण्यासाठी असाच उपयोग केला. त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. पुढे १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या खंदकांत अडकलेल्या सैनिकांनी दाढीचे जुने पाते, सेफ्टी पिन आणि पेन्सिलीचे शिसे एवढ्यावर रेडिओ बनवून गाणी ऐकली. पात्यावरचा ऑक्साइडचा थरच तिथे स्फटिकाचे काम करत होता.

जो गुण खंदकात वरदान ठरला तोच मनोऱ्यावर शाप ठरतो. सांधा असा एकदिश झाला, की त्यातून जाणाऱ्या दोन वारंवारता एकमेकींत मिसळतात आणि मूळ संकेतात नसलेल्या नव्या वारंवारता जन्माला येतात. एक साधे गणित पाहा. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात मनोरा ९३५ ते ९६० मध्ये बोलतो आणि आपले फोन ८९० ते ९१५ मध्ये त्याला उत्तर देतात. मनोऱ्यावरून ९३५ आणि ९६० हे दोन संकेत निघत असतील, तर गंजका बोल्ट ९३५ ची दुप्पट उणे ९६०, म्हणजे ९१० मेगाहर्ट्झ निर्माण करतो. हा आकडा नेमका ऐकण्याच्या पट्ट्यात येतो. दूरच्या फोनचा आवाज मनोऱ्यापर्यंत पोहोचतो तो वॅटच्या दशलक्षाव्या भागाच्याही दशलक्षाव्या भागाइतका क्षीण होऊन. तेवढ्याशा आवाजापुढे एका बोल्टची कुजबुजही आरोळी ठरते. आणि हा बोल्ट अँटेनाचाच असायला हवा असे नाही. शेजारच्या कुंपणाची गंजलेली तार किंवा पत्र्याचा सैल खिळादेखील हे काम करतो. रेडिओ अभियंते याला गंजक्या बोल्टचा परिणाम असेच म्हणतात.

बंदरात चालणारा संच

इथवरचे सारे वाचून कोणी म्हणेल, चित्रात मुंग्या आल्या किंवा फोन तुटला, एवढेच ना? पण अँटेनावर जिवाचा भार असतो अशाही जागा आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि नौका पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. नौकेवरच्या व्हीएचएफ संचाचा सोळावा चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झ, हा जगभर संकटसमयीच्या हाकेसाठी राखलेला आहे.

निघण्यापूर्वी तांडेल संच लावून शेजारच्या नौकेशी बोलून पाहतो. आवाज लख्ख येतो, आणि संच ठीक आहे असा निर्वाळा मिळतो. पण शंभर हातांवरच्या नौकेशी बोलायला धड अँटेना जवळजवळ लागतच नाही. या परीक्षेत पाण्याने भरलेली केबलही उत्तीर्ण होते. समजा, केबलमध्ये अर्धी शक्ती जिरते आहे. मग २५ वॅटच्या संचातून वर साडेबारा वॅटच पोहोचतात. येणाऱ्या आवाजाचीही तीच गत, कारण तोही त्याच केबलमधून उतरतो. बंदरात हे जाणवत नाही. जाणवते ते दूर समुद्रात, जिथे आवाज आधीच काठावर असतो.

यात एक फसगतही आहे. केबल-अँटेना नीट जुळले आहेत का, हे पाहण्यासाठी परत फिरणारी शक्ती मोजणारा मीटर वापरतात. तो संचाजवळ जोडतात. केबल ओली असेल, तर वर जाणारी शक्ती वाटेत जिरते आणि वरून परत फिरलेलीही वाटेतच जिरते. मीटरपर्यंत फारसे काही परत येत नाही आणि काटा 'उत्तम' दाखवतो. वाईट केबल अशा प्रकारे स्वतःचा दोष झाकते आणि अँटेनाचाही. म्हणून वरच्या टोकाला किती शक्ती पोहोचते हे मोजणे, किंवा लांबच्या केंद्राशी बोलून पाहणे, हीच खरी परीक्षा.

कोसळलेल्या दुर्बिणी

लहान अँटेनांत जे मुकाट्याने घडते ते मोठ्या अँटेनांत कधी कधी जगासमोर घडते. अमेरिकेत ग्रीन बँक येथे १९६२ मध्ये उभारलेली ९१ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण मुळात थोड्याच वर्षांसाठी म्हणून बांधली होती. ती २६ वर्षे चालली आणि १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री अचानक कोसळली. चौकशीत दोष निघाला तो तुळया एकत्र जोडणाऱ्या एका पोलादी पट्टीत. वर्षानुवर्षांच्या ताणाच्या फेऱ्यांनी ती थकून तुटली होती.

पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. ३०५ मीटर व्यासाची ही दुर्बीण १९६३ पासून कार्यरत होती. हल्स आणि टेलर यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या ज्या जोड-ताऱ्याला पुढे १९९३ चे नोबेल मिळाले, तो इथेच सापडला. दुर्बिणीच्या बशीवर सुमारे ९०० टनांचा मंच तीन मनोऱ्यांवरून पोलादी दोरांनी टांगलेला होता. दोराचे टोक मनोऱ्याला जोडताना त्याच्या तारा झाडूसारख्या पिंजून एका शंकूच्या आकाराच्या खोबणीत बसवतात आणि त्यात वितळलेले जस्त ओततात. १० ऑगस्ट २०२० रोजी असा एक पूरक दोर खोबणीतून निसटला. ६ नोव्हेंबरला त्याच मनोऱ्याचा एक मुख्य दोर तुटला. त्याच्यावर त्या वेळी त्याच्या क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच भार होता. १ डिसेंबरच्या सकाळी मंच बशीवर कोसळला.

दमट, खाऱ्या बेटावरची दुर्बीण म्हटल्यावर सगळ्यांचा पहिला संशय गंजावर गेला. चौकशीचा मुख्य निष्कर्ष वेगळा निघाला. खोबणीतले जस्त सततच्या ताणाखाली, मेण सरकावे तसे, वर्षानुवर्षे हळूहळू सरकत गेले होते. दोर किंचित बाहेर सरकल्याच्या खुणा कोसळण्याच्या आधीपासून दिसत होत्या. सप्टेंबर २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने त्या सांध्यांवरचा ताण वाढवला होता. म्हणजे दोराच्या उभ्या लांबीत नव्हे, पुन्हा टोकाला, जिथे तो दुसऱ्या कशाला तरी जोडला जातो तिथेच पाणी मुरत होते. या वेळी ते शब्दशः पाणी नव्हते, इतकेच.

खोडदची जाळी

पुण्याच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरात पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे या नजरेने पाहिले, तर तिच्या रचनेत एक शहाणपण दिसते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० बश्या. त्यांतल्या १४ साधारण एका चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर. भरीव पत्र्याच्या एवढ्या मोठ्या बश्या केल्या असत्या तर वाऱ्याने त्यांना शिडासारखे धरले असते आणि तो जोर पेलण्यासाठी प्रचंड पोलाद लागले असते. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोर ताणून त्यांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी बसवली. तार फक्त ०.५५ मिलिमीटर जाडीची, आणि जाळीची घरे बशीच्या भागानुसार १०, १५ आणि २० मिलिमीटरची. इथे ऐकायच्या लहरी २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब आहेत. त्यांना ही जाळी भरीव आरशासारखीच वाटते. वारा मात्र आरपार निघून जातो. स्वरूप यांच्याच पुढाकाराने उदकमंडलमजवळ १९७० मध्ये उभी राहिलेली दुर्बीणही अशीच, ११०० बारीक स्टेनलेस तारांचा ५३० मीटर लांब परावर्तक असलेली.

वाऱ्याचा प्रश्न जाळीने सोडवला, पण सांध्यांची संख्या वाढवली. जाळीत एक तार दुसरीला ओलांडते असा प्रत्येक छेद, जाळी दोराला बांधली आहे अशी प्रत्येक जागा आणि सांगाड्याचा प्रत्येक बोल्ट हा एकेक सांधा आहे, आणि तो दरवर्षी चार महिन्यांचा पाऊस झेलतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही ही समजूतही अर्धीच खरी. त्याच्यातल्या क्रोमियमचा अतिशय पातळ थर त्याला राखतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो थर दुबळा झाला किंवा फटीत ऑक्सिजन पोहोचेनासा झाला, की तिथे ते गंजू शकते. वैज्ञानिक शोधांची बातमी वृत्तपत्रांत येते. शिडीवर चढून रंग देणाऱ्याची, जाळी शिवणाऱ्याची आणि कनेक्टर उघडून पुन्हा बंद करणाऱ्याची बातमी येत नाही. पण कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेली ती क्षीण कुजबुज शेवटी त्यांच्याच हातांखालून जाते.

शाकारणी

कौलारू घरांच्या काळात पावसाळ्यापूर्वी शाकारणी होत असे. सगळे छप्पर काही दरवर्षी बदलत नसत. फुटलेली कौले बदलायची, सरकलेली नीट बसवायची, वळचण आणि पन्हाळ पाहायची. म्हणजे जिथे एक गोष्ट दुसरीला भेटते तिथे लक्ष द्यायचे. अँटेनाची निगाही अशीच असते.

तिचे नियम साधे आहेत. सांधा जोडण्यापूर्वी दोन्ही पृष्ठे घासून स्वच्छ करावीत आणि सांध्यांसाठी मिळणारे ग्रीस लावून लगेच आवळावीत, म्हणजे हवा-पाण्याला शिरायला जागा उरत नाही. तांबे आणि ॲल्युमिनियम थेट एकत्र आणू नयेत; मध्ये कल्हई केलेला किंवा स्टेनलेसचा तुकडा घालावा. कनेक्टरवर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, आणि ती खालून वर गुंडाळत जावी, म्हणजे वेढे कौलांसारखे एकावर एक बसून पाणी बाहेर सांडते. केबल घरात किंवा केबिनमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. डबी बंद करायची असेल, तर तिच्या तळाला बारीक छिद्र ठेवावे. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायची वाट नसणे हे पाणी आत येण्यापेक्षा वाईट. किनाऱ्यावर असाल तर पावसाच्या दोन हंगामांमधल्या कोरड्या महिन्यांत अँटेनावर कधीतरी गोडे पाणी मारावे. तेवढ्याने मीठ उतरते.

आणि वर्षातून एकदा, संच नीट चालू असतानाच, वर चढून प्रत्येक सांधा हाताने हलवून पाहावा. बंद पडलेली गोष्ट दुरुस्त करायला सगळेच धावतात. इथे प्रश्न चालू दिसणाऱ्या गोष्टीचा आहे, कारण अँटेना एका दिवसात बहिरा होत नाही. त्याला दरवर्षी थोडे कमी ऐकू येते. जवळचे आवाज येत राहतात म्हणून आपल्याला ते कळत नाही, आणि ज्या दिवशी दूरची एक हाक खरोखर ऐकू यायला हवी असते, त्या दिवशी ती येत नाही. गच्चीवर चढून "आलं का?" असे ओरडणारा तो मुलगा नकळत योग्य जागीच हात लावत होता. त्याच्या हातात त्या दिवशी पान्हा आणि पॉलिश पेपर असता, तर पुढच्या रविवारी त्याला पुन्हा चढावे लागले नसते.